तिसऱ्या हत्याराची जागा

नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये गुरू गोविंदसिंगांची म्हणून जपलेली शस्त्रे आहेत. सोन्याची कट्यार, पाच सोनेरी तलवारी, दोन धनुष्ये, पस्तीस बाण, रत्ने जडवलेली पोलादी ढाल आणि एक तोडेदार बंदूक. संध्याकाळच्या आरतीनंतर भाविकांना शस्त्रांचे दर्शन घडते आणि पुन्हा ती आपल्या जागी जातात. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी गुरूंनी याच गावी देह ठेवला, तेव्हापासून हा ठेवा नांदेडची ओळख होऊन बसला आहे. त्याच्याकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. संग्रह म्हटला की त्यात पुढे काय घ्यायचे, हा विचार ओघाने येतो. नाणी जमवणाऱ्याला येतो तसा बंदुका जमवणाऱ्यालाही येतो. नांदेड-लातूरकडच्या एखाद्या परवानाधारकाच्या घरी आजोबांची बारा बोअरची दुनळी असते, वडिलांचे .३२चे रिव्हॉल्वर असते, आणि आता संग्रह पुरा व्हावा म्हणून एखादे पिस्तूल घ्यावे असे मुलाच्या मनात घोळते. कोणते घ्यावे, हा त्याचा प्रश्न असतो. या लेखाचा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे: या भागात घरातल्या हत्यारांची संख्या आजवर कोणी ठरवली? मागचा इतिहास पाहिला तर ती घरमालकाच्या आवडीने क्वचितच ठरलेली दिसते. राज्यकर्त्याचा त्या घरावर किती विश्वास आहे, यावर ती ठरत आली. आणि आखूड नळीच्या हत्याराच्या बाबतीत तर हा हिशेब फारच काटेकोर राहिला.

आखूड नळीचे हत्यार मुळात दख्खनमध्ये उशिरा रुळले, त्याचे कारण दारूच्या पेटण्यात आहे. तोडेदार बंदुकीत सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी असते, तोच तोडा. त्याचे टोक धुमसत ठेवावे लागते. चाप ओढला की तोडा कानाजवळच्या रंजकीवर टेकतो, रंजकीतली बारीक दारू भडकते आणि छिद्रातून आग नळीत जाते. खांद्याला लावायच्या लांब बंदुकीला ही रचना चालते. कमरेला खोचून ठेवायच्या हत्याराला चालत नाही, कारण जळता तोडा शेल्यात कोण ठेवणार? म्हणून, तुरळक अपवाद सोडले तर, तमंचा आपल्याकडे चालू लागला तो चकमकीच्या गारगोटीने ठिणगी पाडणारी युरोपी कळ आल्यानंतर. १७६० साली उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला, तेव्हा मराठ्यांच्या बाजूने इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि कवायती पायदळ होते. त्यापुढच्या पिढीत रेमंड या फ्रेंच सरदाराने निजामासाठी हैदराबादेत तोफा-बंदुकांचा कारखाना चालवला. लढाईचा भार अशा तोफांवर आणि लांब बंदुकांवर असे. तमंचा असे तो घोडेस्वाराच्या खोगिराला किंवा सरदाराच्या कमरपट्ट्याला. गावकऱ्याच्या घरात कोयता असे, भाला असे, फार तर ठासणीची बंदूक असे. आखूड हत्यार पहिल्यापासून हुद्द्याशी बांधलेले होते.

इथे पहिला आक्षेप येतो. इंग्रजांचा शस्त्रकायदा येण्यापूर्वी हत्यारावर बंधनच कुठे होते? निजामाच्या मुलखात अरब होते, रोहिले होते, हटकर नाईक होते, आणि सगळे सशस्त्र होते. हे खरे आहे. पण ते सशस्त्र होते ते कोणाच्या तरी चाकरीत. चाकरी सुटली की त्याच हत्याराचे नाव बदलत असे. हदगाव भागातल्या नोव्ह्याच्या गढीचे उदाहरण बोलके आहे. नौसाजी नाईक या हटकर सरदाराने तिथे अरब शिबंदी ठेवून निजामाची सत्ता झुगारली. जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमनच्या हाताखालच्या फौजेने गढीला वेढा घातला आणि महिना संपता संपता ती पाडली. अरबांच्या हातातल्या बंदुका वेढ्यापूर्वी होत्या त्याच वेढ्यातही होत्या. फरक पडला तो सरकारच्या नजरेत. कालपर्यंतचा शिबंदीचा शिपाई आज बंडखोर ठरला. याच्या उलट टोकाला नांदेडचे शीख आहेत. हैदराबादचे दिवाण महाराजा चंदुलाल यांनी पंजाबच्या महाराजा रणजितसिंहांशी बोलणी करून शीख तुकड्या दक्षिणेत आणल्या. लाहोरी फौज या नावाने त्या ओळखल्या गेल्या. त्याच सुमारास, १८३२ ते १८३७ या काळात, रणजितसिंहांच्या खर्चाने हजूर साहिबची आजची वास्तू उभी राहिली. या शिपायांच्या हातातले हत्यार निर्विवाद राहिले, कारण त्यामागे दोन दरबारांचा शब्द होता. कायद्याचे पुस्तक नसले तरी परवाना होताच, फक्त तो माणसाच्या पदरी असण्यात लिहिलेला होता.

१८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रकायदा झाला आणि ब्रिटिश हिंदुस्थानात हा अलिखित परवाना कागदावर आला. गोऱ्या माणसाला सूट, हिंदी माणसाला परवाना, असा त्याचा उघड पंक्तिप्रपंच होता. हैदराबाद संस्थान या कायद्याच्या हद्दीबाहेर होते, आणि पलीकडचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात होता. म्हणजे माहूर-किनवटकडची सरहद्द ओलांडली की हत्यारामागचे सरकार बदलत असे. पुढे १९०९ मध्ये सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन याच्या पेटीतून मुंबईला पाठवली, आणि त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे याने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. हा कान्हेरे निजामाच्या औरंगाबादेत शिकत होता. या एका घटनेने सरकारला पिस्तुलाविषयी जे शिकवले ते पुढे कधी विसरले गेले नाही. लांब बंदूक घेऊन कोणी नाट्यगृहात शिरू शकत नाही. पिस्तूल पेटीच्या दुहेरी तळात मावते, कोटाच्या खिशात मावते. सरकारच्या दृष्टीने बंदुकीचे महत्त्व तिच्या माऱ्यात असेल, पिस्तुलाचे ते लपण्यात आहे. म्हणून एकाच घरातल्या दोन हत्यारांकडे सरकार दोन वेगळ्या नजरांनी पाहते, आणि संग्राहकाला एकाच फडताळातल्या वाटणाऱ्या या वस्तू कायद्याच्या लेखी एका जातीच्या नसतात.

१९४७-४८ मध्ये विश्वासाचा हा हिशेब मराठवाड्यात रक्ताने लिहिला गेला. निजामाच्या बाजूने हत्यार उचललेल्या रझाकारांचा नेता कासिम रझवी हा लातूरला वकिली करणारा माणूस. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला, पण संस्थानाची हत्यारांची भूक त्यानंतरच वाढली. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक १९४८ मध्ये कराचीहून रात्रीच्या विमानांनी संस्थानात हत्यारे उतरवत होता. उदगीरला लागून असलेले बिदर हा त्यांतला एक तळ. पुढे इंग्लंडमध्ये त्याला यासाठी दंड झाला तो अवघा दोनशे पौंडांचा. एवढे करूनही रझाकारांपैकी आधुनिक बंदुका फार तर चौथ्या हिश्शाकडे असाव्यात, असा त्या वेळचा लष्करी अंदाज होता. बाकीच्यांच्या हातात ठासणीच्या बंदुका आणि तलवारी होत्या. गावोगावच्या निःशस्त्र हिंदूंवर जुलूम करायला त्या पुरल्या. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत शिरल्या आणि पाचव्या दिवशी निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतरच्या आठवड्यांत पारडे फिरले. पंडित सुंदरलाल यांच्या सद्भावना मंडळाने नेहरूंच्या सांगण्यावरून दौरा केला आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ बसल्याचे नोंदवले. तिथल्या मृतांचा त्यांचा अंदाज अठरा हजारांहून कमी नव्हता आणि त्यांत बहुतांश मुसलमान होते. याच अहवालाने आणखी एक गोष्ट टिपली: अनेक ठिकाणी मुसलमानांकडून हत्यारे काढून घेतली गेली, हिंदूंकडे ती राहू दिली गेली. हा अहवाल कित्येक दशके दप्तरात पडून राहिला. एका वर्षाच्या आत त्याच गावांत दोनदा ठरले की हत्यार कोणाकडे असावे, आणि दोन्ही वेळा ते ठरवणारा माणूस घरमालक नव्हता.

यावर जोरदार आक्षेप घेता येतो, आणि तो हलका नाही. ज्या प्रदेशाने निःशस्त्र असण्याची एवढी किंमत मोजली, त्या प्रदेशाला तरी हत्यार बाळगू नका असे सांगू नये. आधी हिंदू घरे, मग मुसलमान घरे. ज्यांच्या हातात काही नव्हते ते मेले. पण त्या वर्षाचा पुरावा नीट वाचला तर तो वेगळे सांगतो. त्या काळात जी गावे किंवा जे गट टिकले ते टोळीने, वेशीवर पहारा बसवून किंवा सरहद्दीपलीकडे निजामाविरुद्ध चाललेल्या कॅम्पांचा आधार घेऊन टिकले. एखाद्या वाड्यातल्या फडताळात दोन रिव्हॉल्वरे जास्त होती म्हणून जमाव परतला, असे हा पुरावा दाखवत नाही. सरकारच एका बाजूला झुकले की खासगी हत्यार आधी जप्त होते, हे मात्र तो दाखवतो. म्हणजे १९४८चा धडा निःपक्ष सरकारच्या गरजेचा आहे. आणि समजा, स्वसंरक्षणाचा युक्तिवाद पूर्ण मान्य केला, तरी तो पहिल्या हत्यारापाशी संपतो. जिवाच्या भीतीने परवाना मागणारा माणूस एक हत्यार मागतो. दुसऱ्यासाठी तेच कारण पुढे करता येते, थोड्या ओशाळ्या आवाजात. तिसऱ्याला ते लावले तर ऐकणाऱ्याला कळते की आता बोलते आहे ती हौस. हौस असणे गुन्हा नाही. पण तिने भीतीचा अंगरखा घालून कचेरीत जाऊ नये.

स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा शस्त्रकायदा केला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला. या कायद्यात जुनी विषमता मोडण्याचा प्रयत्न दिसतो. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येणार नाही, असे चौदाव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. जहागीरदाराला तमंचा आणि कुळाला काठी, ही निजामी रीत या एका वाक्याने संपली. पण हत्याराहत्यारातला भेद कायद्याने ठेवला, आणि तो तेराव्या कलमात आहे. किमान वीस इंच लांबीच्या गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी हवी असेल, किंवा पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर परवाना देण्याकडे कायद्याचा कल आहे. बाकी कोणत्याही हत्यारासाठी, म्हणजे पिस्तुल-रिव्हॉल्वरसाठीही, अधिकाऱ्याला पटेल असे सबळ कारण लागते. रानडुकरांनी ज्वारी लोळवली, हे कारण बंदुकीला पुरते, रिव्हॉल्वरला पुरत नाही. त्यातही कोणते रिव्हॉल्वर, हे काडतुसावर ठरते. लष्कराची ९ मिमीची, किंवा जुन्या ब्रिटिश फौजेची .३८० आणि .४५५ची काडतुसे ज्यात बसतील ते हत्यार सामान्य नागरिकाला वर्ज्य. हत्यार किती घातक, हा निकष इथे नाही; सरकारी कोठारातली गोळी चोरीला गेली तर ती खासगी नळीत बसू नये, हा हेतू आहे. म्हणूनच १८९६ मध्ये अमेरिकेत निघालेले .३२ लाँग हे मवाळ काडतूस भारतीय परवानाधारकाच्या नशिबी आले. ते लष्कराचे नव्हते, हीच त्याची लायकी. कानपूरच्या सरकारी कारखान्यातले .३२चे रिव्हॉल्वर पाहिले तर त्याची सगळी घडण जुन्या वेब्लीची आहे: खटका दाबून नळी पुढे मोडायची, की सहा घरांतली रिकामी टरफले एकदम वर उचलली जातात. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून खासगी विक्रीसाठीची आयात बंद झाल्यामुळे अस्सल परदेशी हत्यारे आहेत तेवढीच फिरत राहतात, एकाच्या परवान्यावरून दुसऱ्याच्या परवान्यावर. इथला संग्राहक आपल्या फडताळात भर घालतो, ती कोणाच्या तरी फडताळातून काढून.

संख्येची मर्यादा मात्र उशिरा आली. १९८३च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनच हत्यारे असू शकतील असे ठरले. २०१९च्या अखेरीस संसदेपुढे आलेल्या विधेयकात हा आकडा एकवर आणण्याचा प्रस्ताव होता. विरोध झाला आणि तो दोनवर थांबला. ज्याच्याकडे तीन होती त्याने आवडीची दोन ठेवावीत आणि उरलेले एक वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, असा नियम झाला. वारसाने आलेल्या हत्यारांनाही हीच मर्यादा लागली. परवान्याची मुदत तेवढी तीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली. पदकविजेत्या नेमबाजांना वेगळी, मोठी मर्यादा मिळाली, कारण त्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या हत्याराला मैदानावर दिसणारे काम आहे. २०२० या वर्षात कितीतरी घरांना अशा तऱ्हेने उलटी निवड करावी लागली. आणखी कोणते घ्यावे, हा प्रश्न मागे पडून कोणते सोडावे, हा पुढे आला. आजोबांची दुनळी सोडावी तर तिच्यावर त्यांचा हात फिरलेला. रिव्हॉल्वर सोडावे तर पुन्हा मिळण्याची शाश्वती नाही. हौसेने घेतलेले तिसरे हत्यार बहुतेकदा या दोन्ही कसोट्यांना उतरत नाही. त्यामागे वारसा नसतो आणि गरजही नसते. संग्रहात शेवटी आलेली वस्तू सर्वांत आधी बाहेर गेली, तर त्यात कायद्याचा जुलूम पाहण्याचे कारण नाही.

संग्राहक म्हणेल, हा हौशी माणसावर अन्याय आहे. जुनी हत्यारे म्हणजे कारागिरीचा इतिहास आहे, आणि तो जपणाऱ्याला संशयिताच्या रांगेत उभे करू नये. ही तक्रार रास्त आहे, आणि कायद्याने तिला आधीच उत्तर दिले आहे. १९५९च्याच कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमाने कालबाह्य घडणीची, पुराणवस्तू म्हणून मोल असलेली किंवा नादुरुस्त झालेली, ज्यांतून बार उडू शकत नाही अशी हत्यारे बंधनातून वगळली. २०२० मध्ये केंद्राने आणखी स्पष्ट केले की दुर्मीळ वस्तूंच्या वर्गात मोडणारी लहान हत्यारे नुसती बाळगण्यास परवाना नको. ती वापरायची, न्यायची किंवा हलवायची असतील तरच हवा, आणि परवान्यावर नोंद नसेल तर त्यांच्यासाठी काडतुसे मिळणार नाहीत. शंभर वर्षांपुढची वस्तू असेल तर १९७२चा पुरावशेष कायदा लागतो आणि ती देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे इतिहासाच्या प्रेमाला दार उघडे आहे. मालकाने एवढेच कबूल करायचे की मला हे पाहायचे आहे, उडवायचे नाही. गारगोटीची कळ असलेला एखादा जुना तमंचा, दस्त्यावरचे पितळी काम झिजलेला, असा कोणाच्या हाती लागला तर तो दख्खनच्या इतिहासाविषयी कानपूरच्या नव्या रिव्हॉल्वरपेक्षा कितीतरी जास्त सांगेल. संग्रहात भर घालायची तर ती या बाजूने घालावी. जो म्हणतो की मला चालणारेच हवे, त्याची हौस इतिहासाची नाही. मग त्याने इतिहासाच्या नावाने सवलत मागू नये.

शेवटचा आक्षेप चावडीवर हमखास निघतो: गुंडांकडे गावठी कट्टे आहेतच, मग कायदा पाळणाऱ्याच्या हत्यारांचीच मोजदाद का? कट्टा म्हणजे पाण्याच्या किंवा तत्सम नळीपासून ठोकलेले, बहुधा एकाच बाराचे हत्यार. तो फुटून चालवणाऱ्याचाच हात जाण्याची भीती असते. त्याचा बंदोबस्त नीट होत नसेल तर ती पोलिसांच्या कामातली उणीव आहे, आणि ती दाखवून द्यावी. परवानाधारकाच्या तिसऱ्या पिस्तुलाने ती भरून निघत नाही. उलट परवान्याची सगळी पत अशी आहे की त्यावरचे हत्यार मोजलेले असते. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात आणि निकालानंतर परत देतात, हे मराठवाड्यातल्या प्रत्येक परवानाधारकाला ठाऊक आहे. विश्वास दिलेला असला तरी तो पुन्हा पुन्हा तपासला जातो. नोव्ह्याच्या अरबाचा विश्वास वेढ्याने तपासला गेला, १९४८ मध्ये तो धर्म पाहून तपासला गेला. आज तो एका पावतीवर तपासला जातो आणि हत्यार सहसा मालकाकडे परत येते. दोनशे वर्षांच्या या हिशेबात एवढी प्रगती थोडी नाही. म्हणून खंडेनवमीला पाटावर झेंडूची फुले वाहून आजोबांची दुनळी आणि वडिलांचे रिव्हॉल्वर मांडताना त्यांच्या शेजारची जागा मोकळी दिसली, तर ती मोकळीच राहू द्यावी. फार तर तिथे गारगोटीचा तो जुना तमंचा ठेवावा, ज्याच्यासाठी कोणत्याच दुकानात काडतूस मिळत नाही.